तपासायला थांबलो की तपासणं थांबवलं? एका इंग्रजी पत्राचा प्रकरण अभ्यास

‘वी स्टॉप्ड टू चेक द ओल्ड एन्ट्रीज.’ या वाक्यात व्याकरणाची एकही चूक नाही. शब्दांचा क्रम बरोबर आहे, काळ बरोबर आहे, स्पेलिंगही बरोबर आहे. संगणकाने त्याखाली लाल रेघ मारली नाही आणि मारायचं काही कारणही नव्हतं. तरीही ज्यांनी ते लिहिलं, त्यांना जे सांगायचं होतं त्याच्या नेमकं उलट ते सांगत होतं.

लिहिणाऱ्या बाई एका ऑफिसात नोंदींचं काम सांभाळतात आणि माझ्याकडे इंग्रजी लेखनाचा सराव करतात. एका ग्राहकाला पाठवलेल्या याद्यांमध्ये चुका निघाल्या आणि त्याचं कारण कळवायची जबाबदारी त्यांच्यावर आली. कारण सरळ होतं. काम वाढल्यामुळे जुन्या नोंदी तपासणं मध्यंतरी बंद केलं होतं आणि चुका तिथेच राहून गेल्या होत्या. हे लपवायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, म्हणून पत्राच्या पहिल्याच ओळीत ते लिहिलं. समोरून उत्तर आलं ते आभाराचं: एवढ्या कामातही थांबून तुम्ही जुन्या नोंदी तपासल्यात हे चांगलं केलंत, त्यात काय आढळलं तेवढं कळवा.

बाईंनी आपली चूक कबूल केली होती आणि ग्राहकाने ती दक्षता म्हणून वाचली. आता पुन्हा पत्र लिहून ‘तपासलंच नव्हतं’ असं सांगणं आधीच्या पत्रापेक्षा अवघड होऊन बसलं. ‘चेकिंग’ लिहिलं असतं तर यातलं काहीच झालं नसतं.

त्यांनी दोन्ही पत्रं माझ्यापुढे ठेवली. त्यांच्या पत्राचा मजकूर असा होता:

‘वी स्टॉप्ड टू चेक द ओल्ड एन्ट्रीज बिकॉज ऑफ द वर्कलोड. आय रिमेंबर टू सेंड यू द फर्स्ट लिस्ट, बट आय फरगॉट टू अटॅच द सेकंड. वी ट्राइड चेंजिंग द डेट्स, बट द सिस्टीम वुड नॉट लेट अस. माय कलीग सजेस्टेड टू स्टार्ट अगेन, सो वी डिसायडेड टू मेक अ न्यू लिस्ट अँड अव्हॉइडेड टचिंग द ओल्ड वन. आय एन्जॉय टू वर्क ऑन सच लिस्ट्स अँड आय ॲम यूज्ड टू वर्क अंडर प्रेशर. आय लुक फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू.’

इंग्रजीत एका क्रियापदाला दुसरं क्रियापद जोडायचं तर मुख्यतः दोन वाटा असतात. एक टूची, म्हणजे इन्फिनिटिव्ह: टू चेक, टू सेंड. दुसरी इंगची, म्हणजे जेरंड: चेकिंग, सेंडिंग. या छोट्याशा पत्रात अशा दहा जागा आहेत. फरगॉट टू अटॅच, डिसायडेड टू मेक आणि अव्हॉइडेड टचिंग या तीन बिनचूक आहेत. बाकीच्या कुठे ना कुठे घसरल्या आहेत. मला चुकलेल्या जागांइतकंच या तीन बरोबर जागांबद्दल कुतूहल वाटलं, कारण त्या जमल्या कशा हे कळलं तर उरलेल्या का बिघडल्या हेही कळेल असा माझा अंदाज होता.

याद्या पाठ होत्या

सराव कमी पडला असं म्हणायला जागा नव्हती. वॉन्ट, होप, डिसाइड, रिफ्यूज, प्रॉमिस यांच्यापुढे टू. एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश, माइंड, डिनाय यांच्यापुढे इंग. या दोन्ही याद्या बाईंनी वहीत स्वच्छ लिहून पाठ केल्या होत्या. अशा याद्यांना मोठी परंपरा आहे. ए. एस. हॉर्नबी यांनी सहकाऱ्यांसह तयार केलेला, 1942 साली जपानात छापलेला कोश परभाषकांसाठी होता. कोणत्या क्रियापदापुढे कोणती रचना येते हे त्यात पद्धतशीर नोंदवलेलं होतं. आजचे विद्यार्थ्यांसाठीचे चांगले कोशही ही माहिती देतात आणि ती उपयोगी आहे.

पण स्टॉप, रिमेंबर, फरगेट, ट्राय, रिग्रेट ही क्रियापदं दोन्ही याद्यांमध्ये असतात. तिथे यादी एवढंच सांगते की दोन्ही चालतं. आपल्याला यातलं कोणतं हवं, हे ती सांगू शकत नाही, कारण ते म्हणायचं काय आहे त्यावर ठरतं. बाईंनी स्टॉपपुढे टू लावला तेव्हा नियम मोडलाच नव्हता. दोन अर्थांपैकी नको असलेला अर्थ निवडला गेला होता.

म्हणून मी त्यांना वही मिटायला सांगितली आणि पत्रातलं एकेक वाक्य आधी मराठीत म्हणायला सांगितलं. भाषांतर म्हणून नव्हे, त्यांना जे सांगायचं होतं ते, घरी बोलावं तसं.

मराठीत म्हटल्यावर

पहिलं वाक्य त्या म्हणाल्या, ‘आम्ही जुन्या नोंदी तपासायचं थांबवलं.’ मग मी ग्राहकाने लावलेला अर्थ मराठीत म्हणायला सांगितला. ‘आम्ही जुन्या नोंदी तपासायला थांबलो.’ दोन्ही वाक्यं त्यांनी सलग म्हटली आणि तिथेच थबकल्या. मराठीत हे दोन अर्थ एकमेकांत मिसळूच शकत नाहीत. एकीकडे थांबवलं, दुसरीकडे थांबलो. थांबवणं सकर्मक आहे, त्याला कर्म लागतं, आणि इथे तपासणं हेच ते कर्म आहे. थांबणं अकर्मक आहे, त्यापुढचं ‘तपासायला’ हे कर्म नसून हेतू आहे: कशासाठी थांबलो, तर तपासायला.

इंग्रजीत थांबणं आणि थांबवणं या दोन्हींना एकच स्टॉप आहे. मराठी जो फरक पहिल्या क्रियापदात दाखवते, तो इंग्रजी दुसऱ्या क्रियापदाच्या रूपात दाखवते. स्टॉप्ड चेकिंगमध्ये चेकिंग हे कर्म आहे. स्टॉप्ड टू चेकमध्ये टू चेक हा हेतू आहे. शंका आली तर टूच्या जागी ‘इन ऑर्डर टू’ घालून पाहावं. वाक्य चाललं तर तो हेतूच आहे, आणि हेतू सांगायचा नसेल तर टू तिथे नको.

दुसऱ्या वाक्याने मला या प्रकरणाचा गाभा सापडला. ‘तुम्हाला पहिली यादी पाठवल्याचं मला आठवतंय, पण दुसरी जोडायला विसरले.’ बाई हे एका दमात, सहज बोलल्या. पाठवल्याचं आणि जोडायला. एक काम होऊन गेलेलं आहे, त्याची आठवण शिल्लक आहे. दुसरं करायचं होतं, ते झालंच नाही. इंग्रजीत याची जोडी अगदी चपखल लागते: रिमेंबर सेंडिंग, फरगॉट टू अटॅच. मराठीत जिथे ‘-ल्याचं’ येतं तिथे इंग्रजीत इंग, जिथे ‘-ायला’ येतं तिथे टू. ‘दार लावायला विसरू नकोस’ म्हणताना टूच लागणार आणि ‘दार लावल्याचं आठवत नाही’ म्हणताना इंगच.

याच धाग्याने पुढे गेलं की पाठांतराचा मोठा भाग आपोआप उलगडतो. ‘कबूल करणं’ हे एकच मराठी क्रियापद घ्या. ‘त्याने पैसे घेतल्याचं कबूल केलं’ म्हणजे ॲडमिटेड टेकिंग. ‘त्याने यायचं कबूल केलं’ म्हणजे अग्रीड टू कम. तसंच ‘नाकारणं’. ‘पैसे घेतल्याचं नाकारलं’ म्हणजे डिनाइड टेकिंग आणि ‘यायचं नाकारलं’ म्हणजे रिफ्यूज्ड टू कम. डिनाय आणि रिफ्यूज यांच्यात गोंधळणारे पुष्कळ विद्यार्थी मी पाहतो. कोश दोघांपुढे ‘नाकारणे’ हाच अर्थ देतो, म्हणून गोंधळ होतो. पण मराठीत पूर्ण वाक्य म्हटलं की क्रियापदही निवडलं जातं आणि त्यापुढचं रूपही. रिग्रेटचंही असंच आहे. ‘त्याला सांगितल्याचा पश्चात्ताप होतो’ म्हटलं की रिग्रेट टेलिंग. अजून सांगायचंच आहे आणि ते सांगणं जड जातंय, तेव्हा रिग्रेट टू से. नोकरीसाठीच्या नकारपत्रांत दिसणारं ‘वी रिग्रेट टू इन्फॉर्म यू’ ते हेच.

तारखांच्या वाक्याची गंमत वेगळी आहे. ‘ट्राइड चेंजिंग द डेट्स’ कानाला फारसं खटकत नाही, बोलण्यात असं ऐकूही येतं. पण काटेकोर वाचणाऱ्याला त्यातून वाटेल की तारखा बदलून झाल्या, फक्त त्याचा उपयोग झाला नाही. बाईंच्या बाबतीत बदलच झाला नव्हता, सिस्टीमने करू दिला नाही. मराठीत त्या म्हणाल्या, ‘तारखा बदलायचा प्रयत्न केला.’ मी विचारलं, ‘बदलून पाहिल्या असं म्हणाल का?’ त्या लगेच म्हणाल्या, ‘नाही हो सर, बदलल्याच गेल्या नाहीत.’ प्रयत्न करणं म्हणजे ट्राय टू. करून पाहणं म्हणजे ट्रायपुढे इंग. ‘करून पाहणे’ ही मराठीतली रचना इतकी रोजची आहे की इंग्रजीतल्या या नाजूक फरकाशी ती तंतोतंत जुळते हे लक्षातच येत नाही.

ला आणि टू यांचं जुनं नातं

हा मेळ योगायोगाचा नाही असं मला वाटतं, निदान अर्धा तरी. जुन्या इंग्रजीत टू हे दिशा दाखवणारं अव्यय होतं आणि त्यामागून येणाऱ्या क्रियापदाच्या रूपाला चतुर्थीचा प्रत्यय लागत असे. काहीतरी करण्याकडे, करण्यासाठी, असा त्याचा रोख होता. मराठीतलं ‘करायला’ पाहा. ‘करावयास’, ‘करावयाला’ असं त्याचं जुनं रूप, आणि त्यातला स किंवा ला हा चतुर्थीचाच प्रत्यय. दोन्ही भाषांनी अजून न झालेल्या कामाकडे जाण्यासाठी एकच वाट वापरली. इंगचा प्रत्यय मात्र मुळात क्रियापदापासून नाम बनवणारा, आपल्या ‘-णे’सारखा. म्हणून चेकिंग ही एखादी वस्तू असल्यासारखी वागते. तिला कर्म करता येतं, थांबवता येतं, टाळता येतं, नाकारता येतं.

अमेरिकन भाषाभ्यासक ड्वाइट बोलिंजर यांनी 1968 मध्ये हा फरक अर्थाच्या अंगाने मांडला होता. इंगचं रूप क्रियेला एक प्रत्यक्ष गोष्ट म्हणून पुढे ठेवतं, टूचं रूप तिच्याकडे शक्यता म्हणून पाहतं, असं त्यांचं म्हणणं. मला ही मांडणी ‘भूतकाळ असेल तर इंग, भविष्यकाळ असेल तर टू’ या क्लासमधल्या लोकप्रिय सूत्रापेक्षा खूपच खरी वाटते. ते सूत्र रिमेंबर आणि फरगेटला पुरतं, पण अव्हॉइडपाशी कोसळतं. टाळलेली गोष्ट भूतकाळात झालेली नसतेच. तरी अव्हॉइडपुढे इंगच येतं, कारण टाळायला समोर एक गोष्ट असावी लागते. ‘जुन्या यादीला हात लावणं टाळलं.’ बाई ‘हात लावायला टाळलं’ असं कधीही म्हणणार नाहीत, म्हणून त्यांचं अव्हॉइडेड टचिंग बिनचूक आलं. डिसायडेड टू मेक आणि फरगॉट टू अटॅच हेही मराठीच्याच आधाराने बरोबर आले होते. त्यांच्या बरोबर जागांचं श्रेय मी वहीतल्या यादीपेक्षा त्यांच्या मराठीला देतो.

मराठी फसवते तिथे

पण हीच मराठी चार ठिकाणी पाय ओढते, आणि ते सांगितल्याशिवाय हा अभ्यास प्रामाणिक राहणार नाही.

‘आय एन्जॉय टू वर्क’ कुठून आलं? ‘मला असं काम करायला आवडतं’ इथून. आवडणं हा लाइकचा अर्थ आहे आणि लाइकपुढे टू आणि इंग दोन्ही चालतात. एन्जॉय म्हणजे नुसतं आवडणं नाही. एन्जॉय म्हणजे करताना मजा येणं. ‘काम करताना मजा येते’ असं म्हटलं की क्रिया चालू असल्याचं ‘-ताना’ समोर येतं आणि इंग आपसूक सुचतं. इथे दोष रचनेच्या निवडीचा कमी आणि एन्जॉयचा अर्थ ‘आवडणे’ असा ढोबळ शिकवण्याचा जास्त आहे.

‘यूज्ड टू वर्क’ आणि ‘लुक फॉरवर्ड टू हिअर’ या दोन्हींचं मूळ एक. इथला टू इन्फिनिटिव्हचा नाहीच, तो साधा प्रेपोझिशन आहे, आणि प्रेपोझिशनपुढे क्रियापद आलं की ते इंगमध्ये येतं. बिफोर, विदाउट, इन्स्टेड ऑफ यांच्यापुढे बाई सहसा चुकत नाहीत, कारण ‘करण्यापूर्वी’, ‘केल्याशिवाय’, ‘करण्याऐवजी’ ही रूपं त्यांच्या तोंडी आहेत. शब्दयोगी अव्ययाला नामासारखं रूप लागतं हे मराठीभाषकाला शिकवावं लागत नाही. टूच तेवढा वेष पालटून येतो. त्याला ओळखायचं तर त्यापुढे एखादं साधं नाम ठेवून पाहावं. ‘आय लुक फॉरवर्ड टू युवर रिप्लाय’ चालतं, म्हणून टू हिअरिंग. ‘आय ॲम यूज्ड टू प्रेशर’ चालतं, म्हणून यूज्ड टू वर्किंग. ‘आय होप टू युवर रिप्लाय’ चालत नाही, म्हणून होप टू हिअर. यूज्डच्या आधी ॲम, इज, वॉज यांपैकी काही नसेल तर मात्र गोष्ट पूर्ण बदलते. ‘आय यूज्ड टू वर्क लेट’ म्हणजे ‘मी उशिरापर्यंत काम करायचे’, आता करत नाही. ‘आय ॲम यूज्ड टू वर्किंग लेट’ म्हणजे ‘मला उशिरापर्यंत काम करायची सवय आहे’.

राहिलं सजेस्ट. ‘सहकाऱ्याने पुन्हा सुरुवात करायला सुचवलं.’ मराठी वाक्य अस्सल आहे, त्यात ‘-ायला’ आहे, काम अजून व्हायचं आहे, सगळ्या खुणा टूकडे बोट दाखवतात. आणि इंग्रजीत टू चालत नाही. सजेस्टेड स्टार्टिंग अगेन, किंवा सजेस्टेड दॅट वी स्टार्ट अगेन. बोलिंजर यांच्या अंगाने पाहिलं तर सुचवणं म्हणजे चर्चेसाठी एक गोष्ट समोर मांडणं. रेकमेंड, कन्सिडर, डिस्कस, पोस्टपोन, इमॅजिन हीसुद्धा त्याच कुटुंबातली. पण प्लॅन आणि प्रॉमिस टू का घेतात आणि सजेस्ट का घेत नाही, याचं विद्यार्थ्याला ऐन वेळी उपयोगी पडेल असं उत्तर मी देणार नाही. सजेस्ट पाठच करावं लागतं. त्यातही ‘त्याला जायला सुचवलं’चं ‘सजेस्टेड हिम टू गो’ होतं ते आणखी वाईट. व्यक्ती आली की दॅट लावून वाक्य मोकळं करावं: सजेस्टेड दॅट ही गो.

दुसरं पत्र आणि एक नवी चूक

ग्राहकाला खरं सांगणारं दुसरं पत्र बाईंनी माझ्यासमोर बसून लिहिलं. पहिली ओळ अशी होती: ‘माय अर्लियर लेटर वॉज नॉट क्लिअर. वी हॅड स्टॉप्ड चेकिंग द ओल्ड एन्ट्रीज, अँड दॅट इज व्हाय द एरर्स रिमेन्ड.’ या वेळी मराठीचा आधार घेऊन त्यांनी सगळी रूपं स्वतः ठरवली. फक्त सजेस्टपाशी त्या थांबल्या आणि वही उघडून पाहिली, जे मला अगदी योग्य वाटलं.

पुढच्या सरावात एक नवी चूक उगवली: ‘ही अग्रीड सेंडिंग द फाइल.’ मी मराठी विचारलं. ‘फाइल पाठवण्याचं त्याने कबूल केलं.’ त्यांचा तर्क चुकीचा नव्हता. ‘पाठवण्याचं’मध्ये ‘-णे’ आहे, आणि ‘-णे’ इंगसारखा आहे हे मीच सांगितलं होतं. अडचण अशी की ‘-ण्याचं’ हे रूप काळाबद्दल काहीच सांगत नाही. ‘पाठवण्याचं कबूल केलं’ यात पाठवणं पुढचं आहे, ‘पाठवण्याचं टाळलं’ यात ते घडलेलंच नाही. खात्रीने बोलतो तो ‘-ल्याचं’मधला ल. त्यामुळे आम्ही पद्धत थोडी बदलली. वाक्यात ‘-ण्याचं’ आलं तर तिथेच निर्णय घ्यायचा नाही. तेच वाक्य ‘-ल्याचं’ आणि ‘-ायचं’ लावून पुन्हा म्हणायचं आणि मनातला अर्थ कशात बसतो ते पाहायचं. ‘पाठवल्याचं कबूल केलं’ की ‘पाठवायचं कबूल केलं’? दुसरं. मग अग्रीड टू सेंड.

‘-ायचं’ एकट्यावर विसंबता येत नाही हेही यातच कळलं. ‘तपासायचं ठरवलं’ला टू लागतो आणि ‘तपासायचं थांबवलं’ला इंग. दुसऱ्या वाक्यात तपासणं आधी चालू होतं, पहिल्यात नव्हतं. चालू असलेली क्रिया थांबवली, सोडली, संपवली किंवा करत राहिली की इंग्रजीत इंगच येतं: स्टॉप, क्विट, फिनिश, कीप. याला अपवाद कंटिन्यू आणि सीज, त्यांच्यापुढे टूही चालतो. सुरू करणं मात्र या गटाबाहेर आहे. बिगिन आणि स्टार्ट दोन्ही रूपं घेतात आणि अर्थात फारसा फरक पडत नाही, तिथे कुणी डोकं शिणवू नये. स्टार्ट स्वतःच इंगमध्ये असेल तेव्हा एवढंच पाहावं की पुढे दुसरं इंग येऊ नये: ‘इट इज स्टार्टिंग टू रेन’.